सोनोमचे प्रकरण : ह्मोंगांच्या वंशवृत्तांतात आलेला परका राजा

१७७६ च्या प्रारंभी चीनच्या छिंग घराण्यातील सम्राट छियेनलोंग याच्या सैन्याने आजच्या सिचुआन प्रांताच्या पश्चिम भागातील जिनछुआन खोऱ्यातला शेवटचा गड जिंकला. तेथील राजा सोनोम आपल्या माणसांसह शरण आला, त्याला पेकिंगला नेण्यात आले आणि त्याच वर्षी त्याला हालहाल करून मारण्यात आले. विसाव्या शतकात लिहिल्या गेलेल्या ह्मोंग लोकांच्या अनेक इतिहासांत हाच सोनोम चिनी साम्राज्यासमोर वर्षानुवर्षे टिकून राहिलेला ह्मोंग राजा म्हणून येतो. युद्ध खरे आहे, राजाही खरा आहे आणि त्याचा शेवटही कागदोपत्री नोंदलेला आहे. खोटी आहे ती एकच गोष्ट, ती म्हणजे त्याचे ह्मोंग असणे. ही चूक कशी झाली, ती इतकी वर्षे का टिकली आणि ती काढून टाकल्यावर ह्मोंगांच्या समाईक पूर्वजत्वाचा कोणता भाग शिल्लक राहतो, हे पाहणे हा या अभ्यासाचा हेतू आहे.

ह्मोंग आज चीनच्या नैर्ऋत्य प्रांतांत, व्हिएतनाम, लाओस आणि थायलंडच्या डोंगराळ भागांत राहतात. १९७५ नंतर निर्वासित म्हणून ते अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथेही पोहोचले. व्हिएतनामच्या २०१९ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे १४ लाख भरली. लाओसमध्ये ते लोकसंख्येच्या नऊ टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्निया, मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांत, त्यांची संख्या तीन लाखांहून अधिक आहे. चीनमध्ये त्यांची वेगळी मोजणी होत नाही. तेथे ‘म्याओ’ नावाच्या एका मोठ्या सरकारी गटात त्यांचा समावेश होतो आणि २०२० च्या जनगणनेनुसार या गटाची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या घरात आहे. पुढील सगळा गुंता या एका वर्गीकरणाभोवती फिरतो, म्हणून ते सुरुवातीलाच लक्षात ठेवणे सोयीचे.

जिनछुआनचे लोक ग्यालरोंग होते. त्यांची भाषा तिबेटीशी नाते सांगणारी आहे, धर्म बोन या तिबेटी, पण बौद्धेतर परंपरेचा होता, आणि आजच्या चीनमध्ये त्यांची गणना तिबेटी समाजात होते. उंच दगडी बुरूज ही त्यांच्या खोऱ्यांची ओळख असून हेच बुरूज छिंग सैन्याला सर्वांत जड गेले. पहिले युद्ध १७४७ ते १७४९ या काळात झाले आणि दुसरे १७७१ मध्ये सुरू होऊन पाच वर्षे चालले. मूठभर लोकवस्तीच्या या मुलखासाठी दुसऱ्या युद्धात सरकारी तिजोरीतून सहा कोटी टेल (चांदी तोलण्याचे जुने चिनी माप) चांदीहून अधिक खर्च झाला. तोफखान्याच्या आणि नकाशांच्या कामासाठी दरबारातील पोर्तुगीज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मोपदेशक) फेलिक्स दा रोशा याला रणभूमीवर पाठवावे लागले, यावरूनही अडचण किती मोठी होती हे दिसते. विजयानंतर सम्राटाने तेथील मुख्य बोन मठ गेलुग पंथाच्या तिबेटी बौद्धांच्या हाती सोपवला. ह्मोंगांच्या धर्माशी, घरबांधणीशी किंवा भाषेशी यातील कशाचाही मेळ बसत नाही. सोनोम हे नावसुद्धा लडाख-सिक्कीममध्ये आजही सर्रास आढळणाऱ्या ‘सोनम’ या तिबेटी नावाचेच रूप आहे, आणि ज्या कुळनामाशिवाय ह्मोंग माणसाची ओळख पुरी होत नाही, ते त्याच्या नावाजवळ कुठेही येत नाही.

मग हा राजा ह्मोंग झाला कसा? पेकिंगमध्ये राहणारा फ्रेंच जेझुइट जोसेफ-मारी आमियो याने या विजयाचा वृत्तांत पत्ररूपाने युरोपला धाडला आणि १७७८ मध्ये तो पॅरिसमध्ये छापला गेला. त्या पत्रात त्याने जिनछुआनच्या लोकांना ‘म्याओत्स’ म्हटले. त्या काळी नैर्ऋत्येकडील कुठल्याही बंडखोर डोंगरी लोकांना हे नाव सैलपणे लावले जात असे, त्यामुळे आमियोने काही जाणूनबुजून फिरवले असे म्हणता येत नाही. खरी चूक जवळजवळ दीडशे वर्षांनी झाली. पॅरिस मिशनचा धर्मोपदेशक फ्रान्स्वा-मारी साविना तोंकिन (आजचा उत्तर व्हिएतनाम) आणि लाओसच्या डोंगरांत ह्मोंगांमध्ये राहिला होता, त्यांची भाषा त्याला उत्तम येत होती, आणि १९२४ मध्ये त्याने त्यांचा पहिला मोठा इतिहास प्रसिद्ध केला. आमियोच्या पत्रातले ‘म्याओत्स’ म्हणजे आपल्या ओळखीचे ह्मोंगच, असे त्याने गृहीत धरले. १९७५ नंतर अमेरिकेत ह्मोंगांविषयी इंग्रजी पुस्तकांची मागणी वाढली तेव्हा साविनाचा ग्रंथ हाच सर्वांत सोयीचा आधार ठरला. एकाने त्याच्यावरून लिहिले, दुसऱ्याने पहिल्यावरून लिहिले, आणि सोनोम सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. २००५ मध्ये चीनच्या इतिहासाचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट एन्टेनमान यांनी ही साखळी उलट्या दिशेने उकलून दाखवली. त्यांच्या लेखानंतर वादाला फारशी जागा उरलेली नाही.

साविनाच्या ग्रंथातील दुसरा वारसा याहून व्यापक आहे. वर्षातले सहा महिने उजेड आणि सहा महिने अंधार असलेल्या बर्फाच्या देशातून आपण आलो, अशी कथा त्याने ह्मोंगांकडून ऐकली होती. महापुराच्या आणि एका भाषेच्या अनेक भाषा झाल्याच्या कथाही त्याने ऐकल्या. धर्मोपदेशकाच्या मनात बायबल पक्के बसलेले असल्यामुळे त्याला त्या कथांत बायबलमधला महापुरातून वाचलेला नोहा आणि भाषा वेगळ्या झाल्याची बाबेलच्या मनोऱ्याची कथा दिसली, आणि त्यावरून त्याने ह्मोंगांचा प्रवास पश्चिम आशियातून सायबेरिया-मंगोलियामार्गे चीनपर्यंत आखला. ‘ह्मोंग मुळात मंगोलियाचे’ हे विधान आजही अनेक ह्मोंग घरांत निःशंकपणे केले जाते. परंतु त्यांची पुराची कथा नीट ऐकली तर ती नोहाची नाही. तीत एक भाऊ आणि एक बहीण लाकडी ढोलात बसून वाचतात, नाइलाजाने संसार मांडतात, त्यांना हातपाय नसलेला मांसाचा गोळा होतो, त्याचे तुकडे करून चहूकडे टाकले जातात आणि त्या तुकड्यांतून कुळे उभी राहतात. हा कथाप्रकार दक्षिण चीन आणि आग्नेय आशियातील कितीतरी समाजांत सापडतो. ज्या कथेला साविनाने पश्चिमेचा पुरावा मानले, तीच त्यांना दक्षिणेच्या शेजाऱ्यांशी जोडते.

चूक कशी झाली हे एवढ्याने कळते. ती का टिकली याची कारणे मात्र पुस्तकांबाहेर आहेत. ह्मोंगांकडे स्वतःचे राज्य नव्हते आणि विसाव्या शतकापर्यंत सर्वमान्य लिपी नव्हती. चिन्यांपासून पळताना नदी ओलांडावी लागली, तीत ग्रंथ वाहून गेला किंवा तो जनावरांनी खाल्ला, असे सांगणाऱ्या कथा त्यांच्यात अनेक आहेत. आज बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी रोमन लिपी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये धर्मोपदेशकांनी बसवली. १९५९ मध्ये शोंग लू यांग या निरक्षर शेतकऱ्याने स्वतंत्र ‘पहाव’ लिपी निर्माण केली. ती आपल्याला दैवी कृपेने मिळाली असे तो सांगत असे आणि १९७१ मध्ये त्याची हत्या झाली. लाओसमध्ये १९१८ ते १९२१ या काळात पा चाय याने फ्रेंचांविरुद्ध उठाव केला होता. १९६० च्या दशकापासून जनरल वांग पाओच्या हाताखाली हजारो ह्मोंग लाओसमधील अमेरिकेच्या गुप्त युद्धात लढले, आणि १९७५ मध्ये त्यांचा लोंग चेंगचा लष्करी तळ पडल्यावर त्यांना मेकाँग ओलांडून थायलंड गाठावे लागले. अशा अवस्थेत परदेशी येऊन पोहोचलेल्या माणसाला नव्या देशात पहिला प्रश्न विचारला जातो तो, तुमचा देश कोणता, हा. पाच वर्षे सम्राटाला झुंजवणारा, अखेर शरण जाऊन मारला गेलेला राजा त्या माणसाला आपला वाटला, यात नवल नाही. माझ्या मते येथे दोष द्यायचा असेल तर तो, चिनी वा तिबेटी साधने एकदाही न उघडता एकमेकांवरून उतरवून घेणाऱ्या लेखकांना द्यावा, श्रोत्यांना नव्हे.

सोनोमला बाजूला काढल्यावर प्रतिकाराचा इतिहास रिकामा होतो, असेही नाही. १७२६ पासून यून्नान-ग्वेइचौचा राज्यपाल ओरताइ याने स्थानिक सरदार हटवून सरकारी अधिकारी नेमण्याचे धोरण जोरात राबवले. त्याचा भडका १७३५-३६ मध्ये आग्नेय ग्वेइचौत उडाला. १७९५ मध्ये हुनान-ग्वेइचौ सीमेवर दुसरा मोठा उठाव झाला. आणि १८५४ पासून जवळजवळ दोन दशके ग्वेइचौ धुमसत राहिला. त्या शेवटच्या उठावाचा नेता चांग श्यौमेइ १८७२ मध्ये पकडला जाऊन मारला गेला. येथे मात्र एक पथ्य पाळावे लागते, आणि बहुतेक लोकप्रिय पुस्तके ते पाळत नाहीत. आग्नेय ग्वेइचौतील म्याओ स्वतःला ‘ह्मू’ म्हणवतात, पश्चिम हुनानमधील ‘खो श्योंग’, तर वायव्य ग्वेइचौत ‘आ ह्माओ’ राहतात. या सर्वांच्या बोली एका कुळातल्या असल्या तरी एकमेकांना कळत नाहीत. म्हणजे या मोठ्या उठावांतील पहिल्या फळीचे वीरसुद्धा काटेकोर अर्थाने आजच्या लाओस-अमेरिकेतील ह्मोंगांचे भाऊबंद आहेत, थेट पूर्वज नव्हेत. मात्र त्या दडपशाहीचे, जमिनीच्या तुटवड्याचे आणि करांचे परिणाम सिचुआन, ग्वेइचौ व यून्नानमधल्या ह्मोंगांपर्यंत पोहोचले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते व्हिएतनामच्या डोंग वान पठारावर आणि एकोणिसाव्या शतकात लाओसच्या श्येंग ख्वांग प्रांतात उतरले. कुटुंबांच्या आठवणी आणि सरकारी नोंदी ज्या ठिकाणी एकमेकींना दुजोरा देतात, तो हा टप्पा.

त्याआधीचा काळ भाषेवरून अंदाजता येतो. ह्मोंग-म्येन हे स्वतंत्र भाषाकुळ आहे. त्यात एका बाजूला ह्मोंग आणि त्यांची भावंडे, तर दुसऱ्या बाजूला म्येन अथवा याओ लोक येतात. सगळ्या बोलींची तुलना करून जी आदिभाषा पुन्हा उभी केली जाते, तिच्यात भाताच्या रोपापासून शिजवलेल्या भातापर्यंतचे शब्द आहेत आणि वनस्पती-प्राण्यांची नावे उपोष्ण प्रदेशातली आहेत. चारपासून पुढचे बरेच आकडे तिबेटी-ब्रह्मी भाषांतून आलेले दिसतात आणि चिनीतून घेतलेल्या शब्दांचे थरही फार जुने आहेत. यांगत्सेच्या मध्य खोऱ्यापासून दक्षिणेकडे, चिनी आणि तिबेटी-ब्रह्मी लोकांच्या शेजारी राहणारे भातशेतकरी, असे चित्र त्यातून तयार होते. त्यात स्तेप (उत्तरेकडील गवताळ माळ) नाही, घोड्यांचे कळपही नाहीत. डीएनएचा पुरावा याला साधारणपणे जुळतो. यांगत्से तीरावरील प्राचीन सांगाड्यांच्या वाय गुणसूत्रांवरील जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नवाश्मयुगीन दाशी संस्कृतीच्या स्थळी मिळालेला एक पितृवंश आज मुख्यतः ह्मोंग-म्येन भाषकांत आढळतो. दुसरीकडे, मातृवंशांच्या अभ्यासात ह्मोंगांमध्ये उत्तरेकडील वंशरेषांचे प्रमाण म्येनांपेक्षा अधिक दिसले. उत्तरेच्या लोकांशी संबंध आला, स्त्रिया इकडून तिकडे गेल्या, एवढे त्यावरून म्हणता येते. हे प्रमाण दाखवून मंगोलियाचा दावा पुन्हा उभा करणारे त्या पुराव्यावर त्याला न पेलणारे ओझे लादतात.

पण भाषा आणि डीएनए हे अभ्यासकांचे पुरावे झाले. ह्मोंग माणसाला आपला वारसा समाईक आहे हे ज्यातून प्रत्यक्ष कळते ती जागा वेगळी आहे, आणि या प्रकरणात सर्वांत कमी लक्ष तिच्याकडे गेले आहे.

ही जागा म्हणजे अंत्यविधी. जुनी रीत पाळणाऱ्या घरात माणूस गेला की जाणकार गायक ‘खुआ के’ म्हणतो, म्हणजे मृतात्म्याला वाट दाखवतो. गाणे जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होते आणि मग आत्म्याला तो राहिलेल्या प्रत्येक गावी उलट्या क्रमाने नेते. प्रत्येक ठिकाणी तेथील देवतेचे पाण्याचे, सरपणाचे, आसऱ्याचे ऋण मानून पुढे निघायचे असते. मिनेसोटातील सेंट पॉलमध्ये वारलेल्या आजोबांचा आत्मा अशा प्रकारे थायलंडच्या बान विनाय निर्वासित छावणीतून, मेकाँगवरून, लाओसच्या एकेका गावातून जन्मघरी पोहोचतो. तेथे त्याची वार (जन्मानंतर पडणारे गर्भवेष्टन) पुरलेली असते, मुलाची घराच्या मुख्य खांबाशी आणि मुलीची पलंगाखाली. ती वार म्हणजे त्याचे पहिले वस्त्र. ते अंगावर घेतल्याशिवाय पूर्वजांकडे जाता येत नाही. पुढची वाट सुरवंटांच्या डोंगरावरून जाते, म्हणून मृताच्या पायांत तागाचे जोडे घालतात. दिशा दाखवायला कोंबडा सोबत असतो. गाणे संपल्यावर सहा नळ्यांचे केंग वाद्य वाजू लागते आणि त्याचे स्वर तेच शब्द बोलतात, कारण ह्मोंग ही स्वरभेदांची भाषा आहे.

इतिहासकाराच्या दृष्टीने या गाण्याची मर्यादा आणि ताकद एकाच ठिकाणी आहे. जन्मगावापर्यंतची वाट ही खरी स्थळयादी असते, तपासून पाहता येण्याजोगी. त्यानंतरची वाट विश्वरचनेची आहे. तिथले सुरवंटांचे डोंगर आणि थंडगार दऱ्या कोणत्याही नकाशावर सापडणार नाहीत. अनेकांनी या दुसऱ्या भागातल्या थंडीवरून सायबेरिया काढला आणि पहिल्या भागातले लाओसमधले गाव मात्र टिपून ठेवले नाही. उलट व्हायला हवे होते. ती गावे सांगू शकणारी पिढी आता संपत आली आहे, आणि अमेरिकेतील रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची वार बहुधा घरी येतच नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी गायकाने वाट कुठे संपवायची हा प्रश्न कुटुंबांसमोर आजच उभा आहे.

अंत्यविधी कुळाशी बांधलेला असतो. यांग, वांग, श्योंग, ली, लोर, थाओ, मुआ, हर, वू अशी सुमारे अठरा कुळे अमेरिकेतील ह्मोंग मोजतात. बहुतेक नावे चिनी आडनावांशी जुळतात, म्हणजे चीनमधील दीर्घ वास्तव्याची खूण नावातच आहे. एका कुळातील स्त्री-पुरुषांचा विवाह निषिद्ध आहे, मग एक जण फ्रेंच गयानातील काकाओ गावचा आणि दुसरी विस्कॉन्सिनची असली तरी. पण त्याहून बारीक कसोटी गृहदेवतांच्या विधीची आहे. दोन अनोळखी माणसे एका कुळाची निघाली तर ती एकमेकांना विचारतात की तुमच्याकडे दाराच्या विधीला मांसाच्या वाट्या किती मांडतात, अंत्यविधीत अमुक गोष्ट कशी करतात. उत्तरे जुळली तर ते एका पूर्वजाचे मानले जातात, आणि तेव्हाच एकाला दुसऱ्याच्या घरात प्राण सोडण्याची मुभा असते. अन्यथा परक्या देवतांच्या घरात मरण येणे हे दोन्ही बाजूंना अनिष्ट. पूर्वजत्वाची इतकी कडक आणि इतकी व्यवहारी परीक्षा ज्या समाजाकडे आहे, त्याच्यावर बाहेरच्या लेखकाने एक राजा लादावा आणि तोही त्या परीक्षेत कुठेच न बसणारा असावा, ही या प्रकरणातील खरी विसंगती. सोनोमच्या नावे कोणत्याही कुळाचा विधी नाही. कोणताही गायक त्याच्यापर्यंत वाट दाखवत नाही.

छियोऊची गोष्ट मात्र याच मापाने मोजता येत नाही. जुन्या चिनी ग्रंथांत छियोऊ हा पीत सम्राटाचा, म्हणजे चिन्यांच्या दंतकथेतील आद्य पूर्वजाचा, शत्रू आहे आणि चुओलूच्या लढाईत तो हरून मारला जातो. तेच ग्रंथ दोंगथिंग सरोवराच्या बाजूला राहणाऱ्या ‘सानम्याओ’ लोकांचाही उल्लेख करतात. त्यानंतर म्याओ हे नाव सुमारे हजार वर्षे जवळजवळ गायब होते आणि थांग घराण्याच्या काळाच्या शेवटी (नववे शतक) पुन्हा दिसू लागते, त्यामुळे त्या सानम्याओंपासून आजच्या ह्मोंगांपर्यंत अखंड वंशरेषा ओढण्यासारखा पुरावा नाही. तरीही चीनमधील म्याओ अभ्यासक आणि अधिकाऱ्यांनी छियोऊला आपला पूर्वज म्हणून मान्यता मिळावी असा आग्रह धरला, आणि १९९० च्या दशकात हपेइ प्रांतातील चुओलू येथे उभारलेल्या तीन पूर्वजांच्या मंदिरात पीत सम्राट व दंतकथेतीलच यान सम्राटाच्या शेजारी छियोऊची मूर्ती बसली. १९८० च्या दशकापासून चीनला भेट देऊ लागलेल्या अमेरिकन ह्मोंगांनीही हा पूर्वज आपलासा केला. यात राजकारण आहेच: पराभूत शत्रूला राष्ट्रपित्याच्या पंक्तीत बसवण्यात सरकारचीही सोय होती. पण छियोऊ दंतकथेतला आहे आणि दंतकथेतील पूर्वज मानणे हा लोकांचा अधिकार आहे. सोनोम हा नोंदी मागे ठेवून गेलेला ऐतिहासिक माणूस आहे. त्याला ह्मोंग म्हटले की ग्यालरोंगांचा इतिहास तेवढा कमी होतो, आणि तो विसरण्याइतके ग्यालरोंगही स्वस्थ बसलेले नाहीत.

हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. विस्कॉन्सिनने २०२४ मध्ये कायदा करून शाळांत ह्मोंग अमेरिकनांचा इतिहास शिकवणे आवश्यक केले आहे, आणि कॅलिफोर्नियातही त्यासाठी नमुना अभ्यासक्रम तयार झाला आहे. अशा पाठात सोनोम यावा का? माझे उत्तर, यावा. परंतु ह्मोंग राजा म्हणून नव्हे, तर आमियोच्या पत्रापासून साविनाच्या ग्रंथापर्यंत आणि तिथून घराघरांत एखादी माहिती कशी पोहोचते याचे उदाहरण म्हणून, ग्यालरोंगांचे नाव स्पष्टपणे घेऊन. मंगोलियाची कथा कथा म्हणून सांगावी, छियोऊला दंतकथेच्या प्रकरणात ठेवावे, यांगत्सेचा भातप्रदेश भाषेच्या आधारे संभाव्य मूळ म्हणून मांडावा, आणि ग्वेइचौपासून श्येंग ख्वांगपर्यंतच्या स्थलांतराला सर्वाधिक पाने द्यावीत. गृहपाठ द्यायचाच असेल तर विद्यार्थ्याने घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून ती राहिलेल्या गावांची नावे, शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत, लिहून आणावीत. ती यादी गायकालाही लागणार आहे आणि इतिहासकारालाही.